पैसे कॉन्ट्रॅक्टमध्ये, पण नाव कुठे?

पत्र : गेल्या सहा वर्षांत मी एकेक करत नऊ डोमेन नावं (वेबसाइटचे पत्ते) घेऊन ठेवली. दरवर्षी रिन्यू करते, पण वापरात एकच आहे, तेही जुन्या ईमेलपुरतं. त्याच डॉट कॉम नावाला आता गिऱ्हाईक आलंय. क्रिप्टोवर चालणाऱ्या एका मार्केटप्लेसवर मी ते सहज लावलं होतं, तिथे 2,400 यूएसडीसीची (डॉलरला बांधलेल्या क्रिप्टो चलनाची) बोली आली. खरेदीदार म्हणतो, ‘मी पैसे स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये (अट पूर्ण झाली की पैसे आपोआप सोडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) टाकतो, तुम्ही दुसऱ्या रजिस्ट्रारकडे (नावं नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे) ट्रान्सफरसाठी ऑथ कोड (नाव सोडण्याचा पासवर्ड) पाठवा, 72 तासांत सगळं पूर्ण.’ कमिशन कमी आहे, बँकेची कटकट नाही. पैसे कॉन्ट्रॅक्टमध्ये आहेत म्हणजे ते कुणी पळवू शकत नाही, असंही वाचलंय. तरी धीर होत नाही. विकू का? आणि उरलेली आठही तिथेच लावू का? त्यातली दोन एका प्रसिद्ध ब्रँडच्या नावाशी मिळतीजुळती आहेत आणि एक डॉट ईटीएच आहे.
— एक वाचक

उत्तर : विका. पण खरेदीदारानं सांगितलेल्या पद्धतीनं नाही, आणि आज तर नाहीच. उरलेली आठ तिथे सरसकट लावू नका. का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकतो आणि त्यातच माणसं अडकतात : ‘पैसे कॉन्ट्रॅक्टमध्ये आहेत म्हणजे ते कुणी पळवू शकत नाही.’

वाक्य खोटं नाही. नीट लिहिलेला कॉन्ट्रॅक्ट पैसे धरून ठेवतो आणि ठरलेली अट पूर्ण झाल्याशिवाय सोडत नाही. पण या सौद्यात वस्तू दोन आहेत आणि कॉन्ट्रॅक्टला त्यातली एकच दिसते. पैसे ब्लॉकचेनवर, म्हणजे क्रिप्टोच्या सामायिक हिशेबवहीत आहेत, तुमचं डॉट कॉम नाव तिथे नाही. डॉट कॉमची मूळ नोंदवही व्हेरिसाइन ही कंपनी सांभाळते. तिच्यात तुमच्या नावाचा फेरफार करायचा तर तो तुमच्या रजिस्ट्रारमार्फत होतो, आणि रजिस्ट्रार ओळखतो ते तुमचं लॉगिन आणि ऑथ कोड. या नोंदवहीत कॉन्ट्रॅक्टला डोकावता येत नाही. नाव इकडून तिकडे गेलं की नाही, हे त्याला बाहेरून कुणीतरी येऊन सांगावं लागतं.

तो ‘कुणीतरी’ कोण, हे आधी शोधा. बाकी सगळं त्यानंतर.

काही ठिकाणी खरेदीदारच ‘नाव मिळालं’ असं बटण दाबतो. म्हणजे माल घेणाराच माल मिळाल्याचा एकमेव साक्षीदार. तो प्रामाणिक असेल तर प्रश्न नाही, पण मग कॉन्ट्रॅक्टची तरी काय गरज होती? काही ठिकाणी मार्केटप्लेसचा माणूस किंवा प्रोग्रॅम सार्वजनिक नोंद तपासतो. पूर्वी ही नोंद हूइजवर बघायचे, जानेवारी 2025 पासून डॉट कॉमसारख्या नावांसाठी आरडीएपी हीच अधिकृत सोय आहे. पण तिथेही मालकाचं नाव आता बहुधा झाकलेलंच असतं. रजिस्ट्रार बदलला तर ते कळतं. एकाच रजिस्ट्रारकडे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नाव गेलं तर बाहेरून पाहणाऱ्याला काहीच बदललेलं दिसत नाही. तिसरी तऱ्हा म्हणजे मार्केटप्लेस आधी नाव स्वतःच्या खात्यात घेतं, पैसे आल्याची खात्री करतं, मग नाव खरेदीदाराला आणि पैसे तुम्हाला देतं. वाद झाला तर मला ही पद्धत त्यातल्या त्यात बरी वाटते. पण इथे विश्वास कॉन्ट्रॅक्टवर नाही, त्या मध्यस्थावर टाकलाय, हे ओळखून असावं. 1999 पासून चालणाऱ्या एस्क्रो डॉट कॉमसारख्या साध्या एस्क्रो सेवांचा, म्हणजे सौदा पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्यांचा, आधारही शेवटी तोच आहे : मधला माणूस. क्रिप्टोनं त्याला काढून टाकलेलं नाही. बऱ्याचदा फक्त दिसेनासं केलंय.

आता तुमच्या खरेदीदाराच्या 72 तासांकडे या. माझा जीव खरं तर त्यातच अडकला. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नाव न्यायचं तर सध्याच्या रजिस्ट्रारला त्यावर उत्तर द्यायला आयकॅन या डोमेन नावांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेच्या नियमांनुसार पाच दिवस असतात. तुम्ही स्वतःहून मंजुरी दिली आणि रजिस्ट्रारनं तशी सोय ठेवली असेल तर काम लवकर होतं. नाहीतर पाचव्या दिवशी ट्रान्सफर आपोआप पुढे सरकतं. समजा, कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलंय की 72 तासांत ‘नाव मिळालं’ ही खूण आली नाही तर पैसे खरेदीदाराला परत. तुम्ही सोमवारी कोड दिला. गुरुवारी मुदत संपली, पैसे त्याच्या वॉलेटमध्ये परत गेले. शनिवारी नावही त्याच्याकडे गेलं. कॉन्ट्रॅक्टमध्ये काही बिघडलं नाही, कुणी काही हॅक केलं नाही, सगळं लिहिल्याबरहुकूम झालं. तुमच्या हातात मात्र काही उरलं नाही. तुमचा खरेदीदार मुद्दाम असं करतोय असं मी म्हणत नाही. त्यालाही हे ठाऊक नसेल. पण मुदत संपल्यावर पैसे कुणाकडे जातात, ही ओळ मार्केटप्लेसच्या नियमांत शोधून काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. सापडली नाही तर त्यांना विचारा आणि उत्तर लेखी घ्या. लेखी देत नसतील तर तिथे विकू नका.

यावर सोपा तोडगा आहे. खरेदीदाराला तुमच्याच रजिस्ट्रारकडे खातं उघडायला सांगा. खातं उघडायला सहसा पैसे पडत नाहीत. मग ऑथ कोड लागतच नाही, नाव खात्यातून खात्यात ढकलायचं, आणि ते बहुतेक ठिकाणी काही मिनिटांत, फार तर दिवसभरात होतं. ज्याला खरंच नाव हवंय तो एवढं सहसा करतो. बाहेरच्यांना हा बदल दिसत नाही, हे वर म्हटलंच आहे. म्हणून नाव मिळाल्याची खूण काय, ते आधी ठरवून घ्या. रजिस्ट्रारकडून दोघांना येणारे ईमेल आणि मार्केटप्लेसच्या माणसाची खातरजमा, एवढं पुरेसं आहे. खरेदीदारानं त्या नावावर ठरलेला टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे नावाच्या सेटिंगमधली सगळ्यांना दिसणारी मजकुराची नोंद, लावावा, अशीही अट काही जण घालतात. चांगली आहे, पण तो लावणं त्याच्याच हातात असल्यामुळे एकट्या तिच्यावर विसंबू नका.

पैसे खरंच आले आहेत का, हे स्वतःच्या डोळ्यांनी कसं बघायचं, ते सांगायला मला माझीच गोष्ट सांगावी लागेल. काही वर्षांपूर्वी मी एक लहानसं नाव विकत होतो. एस्क्रो वगैरे काही नव्हतं, थेट वॉलेटमध्ये पैसे येणार होते. ठरल्या वेळी वॉलेट उघडलं तर टोकनचं, म्हणजे क्रिप्टोतल्या नाण्याचं, नाव बरोबर, चिन्ह बरोबर, आकडा अगदी ठरलेला. मी कोड कॉपी केला, निरोपाच्या चौकटीत चिकटवलासुद्धा. पाठवायच्या आधी केवळ सवयीनं ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे ब्लॉकचेनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर, तो व्यवहार उघडला आणि टोकनच्या नावावर टिचकी मारली. टोकनच्या कॉन्ट्रॅक्टचा पत्ता समोर आला. तो टोकन काढणाऱ्या कंपनीनं स्वतःच्या पानावर दिलेल्या पत्त्याशी मी जुळवायला लागलो. पहिली चार अक्षरंच वेगळी होती. कुणीतरी त्याच नावाचं दुसरं टोकन बनवून मला पाठवलं होतं. असं टोकन कुणालाही बनवता येतं. नाव आणि चिन्ह तर हवं ते देता येतं, वेगळा असतो तो फक्त पत्ता. मी चौकटीतला कोड पुसला. हात थरथरत होते, ते अजून आठवतं.

तुम्हीही हेच करा. खरेदीदारानं दिलेल्या लिंकवरून नाही, तर मार्केटप्लेसच्या स्वतःच्या पानावर एस्क्रो कॉन्ट्रॅक्टचा जो पत्ता दिलाय तो घ्या, एक्सप्लोररवर उघडा आणि तिथे खऱ्या यूएसडीसीचे 2,400 पडलेत का ते बघा. यूएसडीसी सर्कल ही कंपनी काढते आणि प्रत्येक नेटवर्कवरचा, म्हणजे प्रत्येक ब्लॉकचेनवरचा, खरा पत्ता त्यांच्या पानावर असतो. जुळवताना पत्ता पूर्ण वाचा. सुरुवातीची नि शेवटची चार-पाच अक्षरं मुद्दाम सारखी ठेवून बनवलेले पत्ते सर्रास फिरतात.

डॉट ईटीएच तुमच्याकडे आहे म्हणजे एखादं वॉलेटही असणार. तरी या विक्रीसाठी कोरं, वेगळं वॉलेट काढा. ते काढताना मिळणारे, त्याची किल्ली असलेले 12 किंवा 24 शब्द कागदावर लिहा. फोटो काढू नका, कुठल्याही चौकटीत टाइप करू नका, मार्केटप्लेसचा मदतनीस म्हणवणाऱ्यालाही सांगू नका. पैसे घेणाऱ्याला सहसा कशाचीही परवानगी द्यावी लागत नाही. ‘टोकन खर्च करण्याची परवानगी द्या’ असं काही समोर आलं, विशेषतः रकमेला मर्यादा नसलेलं, तर सही करू नका. आणि खरेदीदारानं मध्येच ‘आधी अमुक ठिकाणाहून नावाचं मूल्यांकन प्रमाणपत्र घ्या, खर्च मी नंतर देतो’ असं म्हटलं तर संभाषण तिथेच थांबवा. ही फसवणूक क्रिप्टोच्या आधीपासूनची आहे. त्यात खरेदीदार नसतोच, असतो तो फक्त प्रमाणपत्र विकणारा.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल की हा माणूस क्रिप्टोच्या विरोधात आहे. तसं नाही. विकणाऱ्यासाठी या मार्गाचा एक मोठा फायदा आहे. कार्डानं किंवा काही ऑनलाइन सेवांनी आलेले पैसे खरेदीदार नंतर तक्रार करून मागे खेचू शकतो, आणि तोवर नाव तिसऱ्याच देशात पोचलेलं असतं. ब्लॉकचेनवर पक्का झालेला व्यवहार असा मागे घेता येत नाही. उदाहरणार्थ, बिटकॉइनवर सरासरी दहा मिनिटांनी एक ब्लॉक येतो आणि सहा ब्लॉकनंतर व्यवहार पक्का मानायचा रिवाज आहे, म्हणजे तासाभरात. परदेशी बँकेतून पैसे येण्याची वाट पाहिलेल्या माणसाला याची किंमत कळते. फक्त हाच नियम तुमच्या चुकीलाही लागू होतो. चुकीच्या नेटवर्कवर घेतलेले किंवा चुकीच्या पत्त्यावर पाठवलेले पैसे परत आणायला कुणी बसलेलं नाही. यूएसडीसी अनेक नेटवर्कवर चालतं. तुमचं वॉलेट आणि पुढे ज्या एक्स्चेंजवर ते मोडणार ते एक्स्चेंज, दोन्ही त्याच नेटवर्कवर ते घेतात का, हे आधी बघा. एक्स्चेंजवरची ओळख पडताळणी आत्ताच उरका आणि एक छोटी रक्कम आधी फिरवून पाहा.

पैसे आल्यावर ते किती दिवस तसेच ठेवायचे, हेही आधीच ठरवा. बिटकॉइन नोव्हेंबर 2021 मध्ये 69,000 डॉलरच्या आसपास होतं, वर्षभरानं 17,000 च्या खाली. यूएसडीसी डॉलरला बांधलेलं आहे, त्यामुळे तुमची बोली त्यात आहे हे चांगलं. पण मार्च 2023 मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, यूएसडीसीच्या राखीव निधीचा काही भाग तिथे होता, आणि ते दोन-तीन दिवस डॉलरच्या खाली होतं, काही काळ तर 90 सेंटच्याही खाली उतरलं होतं. मग सावरलं. तसंच डॉलरला बांधलेलं, मे 2022 मध्ये कोसळलेलं टेरायूएसडी सावरलं नाही. तुम्ही नाव विकताय, चलनावर पैज लावत नाही. म्हणून आल्या आठवड्यात मोडा. ठेवायचेच असतील तर तो वेगळा निर्णय समजून घ्या. कराचं तुमच्या देशातल्या जाणकाराला विचारा. फक्त ज्या दिवशी पैसे आले त्या दिवसाचा भाव, व्यवहाराचा हॅश (त्याचा ओळख क्रमांक) आणि नाव घेतल्यापासूनच्या सगळ्या रिन्यूच्या पावत्या एका जागी ठेवा. अनेक देशांत क्रिप्टो मिळणं ही एक घटना धरतात आणि ते मोडणं ही दुसरी.

खरेदीदारही तुमच्याकडे त्या पावत्या मागू शकतो. मागितल्या तर राग मानू नका. नाव चोरीचं नाही ना, ही भीती त्यालाही असते, आणि तिला इतिहास आहे. सेक्स डॉट कॉम हे नाव गॅरी क्रेमेन यांनी 1994 मध्ये नोंदवलं होतं. 1995 मध्ये स्टीफन कोहेन यानं एक बनावट पत्र रजिस्ट्रारला पाठवलं आणि नाव स्वतःकडे वळवलं. ते परत मिळवायला 2000 साल उजाडलं. 2001 मध्ये न्यायालयानं 6.5 कोटी डॉलर भरपाई ठरवली, पण कोहेन देश सोडून गेला होता. 2003 मध्ये अमेरिकेतल्या नवव्या सर्किट न्यायालयानं डोमेन नाव ही मालमत्ता आहे असं स्पष्ट म्हटलं. आज तुम्ही नावाची मालकी ठामपणे सांगू शकता, त्यात त्या लढ्याचाही वाटा आहे. एका पत्रानं गेलेलं नाव परत यायला पाच वर्षं लागली, एवढं ऑथ कोड पाठवताना लक्षात असू द्या.

आता उरलेली आठ. ब्रँडशी मिळतीजुळती दोन कुठेच लावू नका. आयकॅननं 1999 मध्ये आणलेल्या यूडीआरपी या तंटा-प्रक्रियेत ब्रँडचा मालक तीन गोष्टी दाखवतो : नाव त्याच्या ट्रेडमार्कसारखं आहे, तुमचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि ते वाईट हेतूनं घेतलं नि वापरलं. ब्रँडवाल्याला किंवा त्याच्या स्पर्धकाला चढ्या भावानं विकण्यासाठी नाव घेतलं असेल तर तो वाईट हेतूचाच पुरावा धरतात. पैसे क्रिप्टोत घेतले म्हणून यातून सुटका होत नाही, कारण तक्रार नावावर होते आणि नाव त्याच जुन्या नोंदवहीत असतं. तक्रार दाखल झाली की रजिस्ट्रार नाव गोठवतो. सौदा अर्धवट असेल तर तिथेच अडकतो. त्या दोन्ही नावांची मुदत संपू द्या. जे पैसे त्यात गेले ते गेले.

डॉट ईटीएचची गोष्ट उलटी आहे. ते आयकॅनच्या व्यवस्थेत नाही, इथेरियम या ब्लॉकचेनवर 2017 पासून चालणाऱ्या ईएनएस या नावांच्या व्यवस्थेत आहे. तिथे नाव स्वतःच टोकन आहे. त्यामुळे नाव तिकडे आणि पैसे इकडे, हे एकाच व्यवहारात होऊ शकतं : होईल तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. तुम्ही वाचलेलं ते वाक्य इथे पुरेपूर लागू पडतं. हे नाव क्रिप्टो बाजारातच विका, त्याचं गिऱ्हाईकही तिथेच आहे. अडचण वेगळी आहे. साध्या ब्राउझरमध्ये असं नाव बहुधा उघडत नाही, म्हणून गिऱ्हाईक मोजकंच. मुदत संपल्यावर 90 दिवसांची सवलत असते, तोवर विकलं गेलं नाही तर रिन्यू करायचं का ते बघा.

राहिली पाच साधी नावं. त्यात ब्लॉकचेन, एआय, पेमेंट असल्या विषयांची असतील ती या बाजारात लावून पाहा. बाकीची नेहमीच्या मार्केटप्लेसवर जास्त डोळ्यांसमोर येतील. मोठ्या सौद्यांच्या बातम्या वाचून भाव ठरवू नका.  एकच नाव दोन ठिकाणी ‘लगेच खरेदी करा’ म्हणून लावू नका. दोघांनी एकाच तासात घेतलं तर एकाशी तुमचं भांडण ठरलेलं. आणि मार्केटप्लेस ‘नाव आमच्याकडे वळवा, आम्ही त्याचं टोकन काढून देतो’ म्हणालं तर टोकन मोडून नाव परत कसं घ्यायचं, त्याला किती दिवस नि किती पैसे लागतात, आणि ती कंपनी बंद पडली तर नाव कुणाच्या खात्यात राहील, हे आधी विचारा. स्पष्ट उत्तर मिळेपर्यंत नाव तुमच्याच रजिस्ट्रारकडे राहू द्या.

एक गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात, पण मला ती सगळ्यात तातडीची वाटते. विकायला काढलेल्या नावावर तुमचा जुना ईमेल चालतो. नाव गेलं की त्या पत्त्यावर येणारं सगळं नवा मालक वाचू शकतो. बँक, सोशल मीडिया, क्रिप्टो एक्स्चेंज, कुठेही तो पत्ता दिलेला असेल तर ‘पासवर्ड विसरलो’ एवढी एक टिचकी त्याला पुरेल. त्याच्या मनात काही नसलं तरी तुमची पत्रं त्याच्या दारात पडत राहतील. म्हणून आधी जुना मेलबॉक्स उघडा, ‘पासवर्ड’, ‘खातं’, ‘पडताळणी’ असे शब्द शोधा, आणि जिथे जिथे तो पत्ता आहे तिथे बदला. रजिस्ट्रारच्या लॉगिनचा ईमेल तोच असेल तर तोही बदला. फक्त त्या नावाच्या नोंदीत मालक म्हणून तुमचा जो ईमेल आहे त्याला घाईनं हात लावू नका. मालकाचं नाव, संस्था किंवा ईमेल बदलला की बऱ्याच रजिस्ट्रारकडे नाव दुसरीकडे नेण्यावर 60 दिवसांचं कुलूप बसतं. हे कुलूप आधीच नाकारण्याची सोय काही रजिस्ट्रार देतात, ती आहे का ते विचारून मगच बदला. या कामाला दोन-तीन संध्याकाळी लागतील. तोवर खरेदीदाराला एवढंच कळवा : ‘नाव द्यायला तयार आहे. माझ्याच रजिस्ट्रारकडे खातं उघडा आणि खात्याचा क्रमांक मार्केटप्लेसमार्फत पाठवा. मुदत संपल्यावर पैसे कुणाला जातात, हे मार्केटप्लेसकडून लेखी आलं आणि पैसे कॉन्ट्रॅक्टमध्ये दिसले की पुढच्या दिवशी नाव तुमच्या खात्यात.’